मारुतीचं लुगडं

आमच्या गल्लीत ‘लोकनगारा’ नावाचं साप्ताहिक यायचं, आणि ते मारुतीच्या नावानं यायचं. हे मी विनोदानं सांगत नाही. वेष्टणावर ‘श्री. मारुती, विणकर गल्ली, वडगाव’ असा पत्ता असायचा आणि पोस्टमन ते देवळाच्या पायरीवर टाकून जायचा. गल्लीनं मिळून वर्गणी भरायची, हे एका बैठकीत ठरलं होतं. नाव कुणाचं घालायचं, यावर मात्र गल्ली फुटायची वेळ आली. शिवाप्पाण्णा वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून त्यांचं नाव पुढं आलं. त्यावर समोरच्या ओळीतले म्हणाले, की आज नाव घातलं तर उद्या हे पेपर घरात ठेवून घेतील आणि आम्हाला दारात उभं करतील. मग समोरच्या ओळीतलं एक नाव निघालं, त्याला आमच्या ओळीनं असंच काहीतरी खुसपट काढलं. शेवटी ज्याचं कुणाशी भांडण नाही, जो कुणाच्या घरी जेवायला जात नाही आणि ज्याला वाचता येत नाही, असा एकच रहिवासी उरला. त्याचं नाव घातलं.

पेपर आला की बाळू गुरव तो आधी मारुतीच्या पायाशी ठेवायचा. वर्गणीदार तो आहे, तर आधी त्यानं बघायला नको का, असं त्याचं म्हणणं. देवाचं वाचून होईपर्यंत कागदाला शेंदूर आणि तेल लागलेलं असायचं, त्यामुळं माझ्या लहानपणी जगातली एकूण एक बातमी मी नारिंगी रंगात वाचली. वाचायचं काम माझ्याकडं होतं. गल्लीतल्या दोघातिघांना अक्षरओळख होती, पण चारचौघांत अडखळलं तर लाज जाईल अशी त्यांना धास्ती. मी शाळेत जाणारी पोर, मी अडखळले तर कुणाचंच काही जात नव्हतं. दुपारी भाकरीच्या वेळेला माग थांबायचे आणि माणसं देवळाच्या कट्ट्यावर जमायची. कुणाच्या हातात भाकरीवर खर्डा, कुणाच्या पदरात चिरमुरे. मी पायरीवर बसून मोठ्यानं वाचायची.

‘लोकनगारा’चे संपादक वामनराव. ते बेळगावात खडेबाजारच्या एका माडीवर राहायचे आणि खालीच त्यांचा छापखाना होता. ते कडक सुधारक होते. दर आठवड्याला ते कशावर तरी तुटून पडायचे: हुंड्यावर, सोवळ्यावर, अंगारेधुपाऱ्यांवर, आणि दुसरं काही सुचलं नाही तर दगडाच्या देवांवर. दगडाला शेंदूर फासणारा समाज कसा पुढं जाणार, असे त्यांचे अग्रलेख मी मारुतीकडं पाठ करून खणखणीत आवाजात वाचायची आणि कट्ट्यावरची माणसं माना डोलवायची. बाळू गुरव तर सगळ्यांत आधी म्हणायचा, ‘बरोबर लिवलंय’, आणि उठून घंटा वाजवून नैवेद्य दाखवायला आत जायचा. त्यात त्याला काही विसंगत वाटायचं नाही. आता माझ्या घरी तीन वर्तमानपत्रं येतात आणि मी ती एकटीच वाचते, पण तसं ऐकणारं गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलेलं नाही.

आता आमच्या घराबद्दल. घर म्हणजे पुढं माग आणि मागं चूल, मधल्या अंधारात आम्ही. आप्पा रेशमी लुगडी विणायचे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, खालच्या फळ्या पायांनी आळीपाळीनं दाबत बसले की कमरेच्या वरचेच आप्पा दिसायचे, म्हणून लहानपणी मला ते बुटके वाटायचे. सूत आणि रेशीम शेजारच्या शहापूरच्या सावकारांचं. ते रेशीम द्यायचे, आप्पा लुगडं विणून द्यायचे, ते मजुरी द्यायचे. आई आणि माझी थोरली बहीण आक्का रहाटावर कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे ताण्यातून इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायची ती लहानशी नळी, तिच्यावर रेशीम गुंडाळायचं. आमच्या गल्लीत बाईनं कांड्या भराव्यात, ताणा सारखा करावा, खळ लावावी, सगळं करावं, पण मागावर बसू नये, असा रिवाज होता. का, ते कुणाला माहीत नव्हतं. सावकारांना मात्र तो रिवाज पक्का ठाऊक होता. बाईच्या हातचं लुगडं म्हणजे उतरता माल, असं ते म्हणायचे आणि मजुरी कापायचे.

त्या पावसाळ्यात आप्पांना ताप आला आणि तो हटेना. मागावर डाळिंबी रंगाचं, हिरव्या काठाचं लुगडं अर्धं विणून थांबलेलं. सणाच्या आधी ते पोचलं नाही तर रेशीम दुसऱ्याकडं जाणार, हे सगळ्या घराला माहीत होतं. एका सकाळी मला खटक-खट, खटक-खट असा आवाज ऐकू आला. आप्पा बरे झाले म्हणून मी धावत गेले, तर खड्ड्यात आक्का. दार लावलेलं, आई दाराच्या फटीला डोळा लावून उभी, आणि आप्पा वाकळ पांघरून भिंतीला टेकून ‘हळू, काठ ओढतीयास’ असं पुटपुटत होते. पहिले दोन दिवस ते बोलत राहिले, मग त्यांना चूक सापडेना. आक्का लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून बघत आलेली, तिचे हात आधीच शिकलेले होते. ती विणताना गुणगुणायची. एरवी आक्का इतकी गप्प असायची, की पाहुणे तिला मुकी समजायचे. सावकारांचा दिवाणजी चौकशीला आला की आई खोकायची, आक्का खड्ड्यातून उडी मारून चुलीकडं पळायची, मग आई आणि मी थरथरणाऱ्या आप्पांना वाकळेसकट खड्ड्यात बसवायचो. दिवाणजी म्हणायचा, वा, तापातही काम. आप्पांचे दात वाजत असायचे आणि त्याला वाटायचं, की हसतायत.

लुगडं वेळेवर पोचलं. सावकारांनी ते उजेडात धरून बघितलं आणि पूर्ण मजुरी दिली. आम्ही त्या दिवशी गूळ घालून शेवया केल्या. आप्पा बरे झाले, खड्ड्यात बसले, आक्का पुन्हा रहाटावर. तिचं लग्न खानापूरकडच्या एका शेतकरी घरात ठरलेलं होतं, माघात करायचं होतं.

दिवाळी जवळ आली तेव्हा ‘लोकनगारा’नं चौकट छापली, की सर्व वर्गणीदारांच्या नावांची सोडत काढली जाईल. बारीकसारीक बक्षिसं होती, कंदील, उदबत्त्या वगैरे, आणि पहिलं बक्षीस अस्सल शहापुरी रेशमी लुगडं. खाली सावकारांच्या दुकानाची मोठी जाहिरात, कारण लुगडं त्यांनीच दिलेलं. वामनराव जुगाराच्या विरोधात नेहमी लिहायचे, म्हणून त्यांनी सोडतीला ‘वाचक-सन्मान’ असं नाव दिलं होतं. दिवाळीनंतरचा अंक आला, मी पायरीवर बसून निकाल वाचायला लागले, आणि पहिल्याच ओळीला अडखळले. भाग्यवान वर्गणीदार, श्री. मारुती, विणकर गल्ली, वडगाव. मग शिवाप्पाण्णांनी पागोटं काढून डोकं खाजवलं आणि सगळे एकदम वळून देवाकडं बघायला लागले. जन्मभर ब्रह्मचारी राहिलेल्या देवाला लुगडं लागलं होतं.

खाली एक नियम होता, की विजेत्यानं आठवड्याच्या आत स्वतः कचेरीत हजर राहून, सही करून बक्षीस न्यावं, नाहीतर दुसरी चिठ्ठी काढली जाईल. शिवाप्पाण्णा आणि आप्पा दुसऱ्याच दिवशी खडेबाजारात गेले. वामनरावांना आजवर वाटत होतं, की श्री. मारुती हा कुणी प्रगत विचारांचा विणकर आहे. खरा प्रकार कळल्यावर ते आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. नियम म्हणजे नियम, म्हणाले. माणूस नाही तर सही नाही, सही नाही तर लुगडं नाही. शिवाप्पाण्णांनी विचारलं, की वर्गणी घेताना माणूस हाय का म्हणून का नाही विचारलं. वामनराव म्हणाले, ‘तुमचा देव इथं चालत येऊन सही करत असेल, तर मी स्वतः त्याच्या हातात लुगडं ठेवीन.’ हे ते टाळी द्यावी तसं बोलून गेले. आमच्या माणसांनी ते आमंत्रण समजलं.

त्या शनिवारी सकाळी मारुतीचा पितळी मुखवटा पालखीत बसला आणि वडगावातून निघाला. पुढं हलगी, मागं गल्ली. पोरीबाळींच्या हातात आरतीची ताटं दिली होती, म्हणून आक्का आणि मी पालखीच्या अगदी लगत होतो. शहापुरातून जाताना लोक विचारायचे, की आज काय आहे. आमचे लोक सांगायचे, ‘देव सही करायला चाललाय.’ हे ऐकून जो तो हातातलं काम टाकून मागं यायचा, त्यामुळं खडेबाजारात पोचेपर्यंत जत्रा झालेली होती. वामनराव माडीवरून खाली आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. आधी त्यांना वाटलं, अग्रलेखावरून मारायला आलेत. मग पालखीतला मुखवटा दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला. शिवाप्पाण्णांनी हात जोडून सांगितलं, ‘वर्गणीदार हजर हाय. कागद काढा.’

वामनराव तत्त्वाचे होते, त्यांनी बराच वेळ वाद घातला. पण गर्दीतून एकानं विचारलं, की मारुती जो पेपर घेतो तोच का हा. दुसऱ्यानं विचारलं, वर्गणी इथंच घेता काय. मग आणखी चार हात वर झाले. तत्त्व आणि वर्गणी यांची छापखान्याच्या दारात थोडा वेळ झटापट झाली. वामनरावांनी घाम पुसला, आत जाऊन पावतीचा कागद आणला, आणि बाळू गुरवानं देवाच्या कपाळाचा शेंदूर बोटावर घेऊन त्या कागदावर गोल ठिपका दिला. दगडाच्या देवांवर लिहिणाऱ्या त्या भल्या माणसानं स्वतःच्या हातांनी पितळेच्या देवापुढं लुगडं ठेवलं आणि चुकून नमस्कारही केला. पुढच्या अंकात एक सूचना होती, की यापुढे देवदेवतांच्या नावे वर्गणी स्वीकारली जाणार नाही. ती मी देवाकडं पाठ करून वाचली.

पण तो नमस्कार मी नीट पाहिलाच नाही. वामनरावांनी लुगडं उलगडलं, डाळिंबी अंग आणि हिरवा काठ उन्हात आला, त्याच क्षणी आक्कानं माझं मनगट असं धरलं, की ताट पडायचं राहिलं. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, ‘आपलं हाय हे.’ घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, की मला ते पाहिजे. आक्कानं काही मागितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. लग्नात मला तेच नेसायचंय, दुसरं काही घेऊ नका. आई एकदम गोरीमोरी झाली. मागायचं तर कुठल्या तोंडानं मागायचं? का पाहिजे, ते सांगायचं झालं तर मागावर कोण बसलं होतं, हे बाहेर येणार, आणि सावकारांच्या कानावर गेलं, की आमचं रेशीम बंद. आईनं तिला दम दिला, की जीभ हलवायची नाही. आप्पा नुसतं सूत बघत बसले.

तिकडं देवळात वेगळंच पेटलं होतं. लुगडं ब्रह्मचाऱ्याच्या गाभाऱ्यात कसं ठेवायचं, म्हणून बाळू गुरव अडून बसला. आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या बाईला एकाएकी आठवलं, की मारुतीचं आपल्यावर फार लक्ष आहे. शेवटी कौल लावायचा ठरला. आमच्याकडं कौल लावतात म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कुठल्या बाजूला पाणी किती लावायचं, हे गुरवाच्या बोटाला ठाऊक असतं आणि गुरवाच्या बोटाला खूश कसं करायचं, हे गल्लीला. त्या आठवड्यात बाळूच्या घरी भाजी कमी पडली नाही.

कौलाच्या दिवशी सगळ्या बाया रांगेत. एकीनं सुनेसाठी मागितलं, डावी पडली. एकीनं देवीला नेसवायला मागितलं, लबाडी ओळखून डावी पडली. शिवाप्पाण्णांच्या बायकोची वेळ आली तेव्हा बाळूची बोटं जरा जास्त रेंगाळली, पण बघणारे डोळे फार होते, पुन्हा डावीच. बाळूला खात्रीनं सगळ्यांनीच काही ना काही पोचवलेलं होतं, त्यामुळं त्याला कुणालाच देता येत नव्हतं. मग रांग संपली असं वाटत असताना आक्का पुढं गेली. आईनं तिचा पदर धरला, तो तिच्या हातातून निसटला. बाळूनं पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, घाल गाऱ्हाणं. आक्कानं हात जोडले नाहीत. दोन्ही हात तिनं शरीराशी सरळ ठेवले होते.

‘मी मागाय आली न्हाय,’ ती म्हणाली. ‘लुगडं माझंच हाय. आप्पा तापात पडलंते तवा निम्मं म्या इणलंय. मागावर बसून इणलंय. तुला खोटं वाटत आसंल तर न्हाय म्हण.’

आप्पा खांबाशी उभे होते, ते हळूच खाली बसले. सगळे पाकळ्यांकडं बघत होते. उजवी पडेना, डावीही पडेना. बाळूच्या कपाळावर घाम आला, कारण या गाऱ्हाण्याला पाणी किती लावायचं, हे त्यानं ठरवलंच नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी गंगाक्का काठी टेकत पुढं आली. तिची जीभ अशी होती, की तिच्यापुढं पंचसुद्धा गप्प व्हायचे.

‘देव गप बसलाय म्हंजे कबूल हाय,’ ती म्हणाली. ‘माझा दाल्ला बी जन्मभर असाच व्हय म्हणीत आला. द्या पोरीला लुगडं.’

आधी बाया हसल्या, मग सगळी गल्ली हसली. बाळूनं सुटलो असा श्वास टाकून लुगडं आक्काच्या हातावर ठेवलं. रांगेतल्या ज्या बायांना डावी मिळाली होती, त्यांच्यातलीच एक येऊन तिच्या हनुवटीला हात लावून गेली. आक्कानं लुगडं पोटाशी धरलं होतं आणि ती चक्क गुणगुणत घरी आली.

सावकार दुसऱ्याच दिवशी आले. ते रागावले, की कानडीत बोलायचे, आणि त्या दिवशी दारापासूनच कानडी सुरू झाली. आमच्या नावावर पोरीबाळींच्या हातचा माल खपवलात, रेशीम आजपासून बंद. आप्पा हात जोडून उभे. मी कोपऱ्यात होते आणि माझ्याकडं ‘लोकनगारा’चा शेंदूर लागलेला अंक होता. मला राग आला, की मी वाचायला लागते, अजूनही. मी त्यांचीच जाहिरात मोठ्यानं वाचली: काठपदरात बोट ठेवायला जागा सापडणार नाही, असे आमच्या निवडक कसबी कारागिरांच्या हातचे लुगडे, खात्री करून घ्यावी. वाचून संपलं तशी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दारात गल्ली जमली होती, गंगाक्का पुढं. माल वाईट म्हणावा तर जाहिरात खोटी, आणि त्यांच्या दुकानात त्या आठवड्यात बेळगावची निम्मी गर्दी मारुतीच्या लुगड्यासारखं लुगडं मागत होती. सावकारांचं कानडी हळूहळू मराठीवर आलं. बरं, झालं ते झालं, म्हणाले. रेशीम चालू राहील. फक्त पोरगी पुन्हा मागावर दिसता कामा नये. आप्पा घाईघाईनं व्हय व्हय म्हणाले. आईनं देवाला साखर ठेवली, शिवाप्पाण्णांनी बाजारातून कुंदा आणला आणि तो द्रोणातून सगळ्यांना वाटला. आम्ही जिंकलो होतो. आक्का आत रहाटावर होती. तिचा रहाट जरा वेळ थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

माघात लग्न झालं. डाळिंबी लुगड्यात आक्का अशी दिसली, की खानापूरचे पाहुणे आम्हाला श्रीमंत समजले. तिथं भातशेती, जंगल, म्हशी, माणसांचं मोठं खटलं. माग नव्हता. पुढं मी शिकले, शिक्षिका झाले, आणि मारुतीच्या लुगड्याची ही गोष्ट मी वर्गात, लग्नात, बारशात इतक्या वेळा सांगितली, की ती माझीच मालमत्ता झाली. दर वेळी मी ती गंगाक्काच्या दाल्ल्यापाशी संपवायची आणि लोक हसायचे.

अलीकडं एकदा खानापूरला गेले होते. आक्काला आता कमी ऐकू येतं. नातसुनांना बोलावून मी पुन्हा तीच गोष्ट रंगवून सांगितली. आक्का उठली आणि पेटीतून लुगडं काढून आणलं. घड्यांवर विरलेलं, पण रंग तसाच. तिनं ते मांडीवर पसरलं आणि मधल्या एका जागी अंगठा ठेवला. मला तिथं काहीच दिसलं नाही. इथून पुढचं माझं, म्हणाली. मी तिला चिडवलं, की देवाशी भांडून मिळवलंस बाई, किती हौस होती तुला या लुगड्याची.

तिनं माझ्याकडं बघितलं, शहाण्या माणसानं खुळ्याकडं बघावं तसं.

‘लुगड्याची कुठली हौस गं,’ ती म्हणाली. ‘लुगडी काय, लई नेसली. मला वाटलंतं, येवड्या लोकांत सांगितलं, की मग आप्पा मला रोज मागावर बसवतील.’

ती घड्या घालायला लागली. पायांना सवय राहिली असावी, कारण घडी घालताना तिचे दोन्ही पाय जमिनीवर आळीपाळीनं दाबले जात होते.